रबरी मासे आणि भांगाचे पाणी : मनोरीच्या खाडीतले चार दिवस

भाऊबीज उरकून पाहुणे आपापल्या घरी परतले आणि सुट्टीचे चार-पाच दिवस हाती उरले, तेव्हा मी माळ्यावरून मासेमारीचा डबा खाली काढला. झाकण उघडताच उग्र, गोडसर वास आला आणि एका कप्प्यात पोपटी, जांभळा व मोतिया हे तीन रंग एकमेकांत मुरलेला एक चिकट गोळा दिसला. मे महिन्यातल्या शेवटच्या फेरीहून परतल्यावर मी दोन वेगळ्या जातींची सॉफ्ट प्लास्टिकची आमिषे घाईघाईने एकत्र कोंबली होती आणि पावसाळाभर ती तशीच पडून होती.

ज्यांना आपण रबरी मासे म्हणतो, ते बहुधा रबराचे नसतातच. ते प्लास्टिसॉलचे असतात, म्हणजे पीव्हीसीची भुकटी आणि तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य यांचे मिश्रण तापवून साच्यात ओतलेले असते. अमेरिकेतील ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन येथे, निक क्रीम यांनी १९४९ साली स्वतःच्या स्वयंपाकघरात असाच एक प्लास्टिकचा गांडूळ ओतला आणि पुढचा सारा व्यवसाय त्यातून उभा राहिला. अलीकडे थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर नावाची दुसरी जात निघाली आहे. ती कितीही ताणली तरी सहसा तुटत नाही आणि पाण्यावर तरंगते. पण ती पीव्हीसीच्या माशाला चिकटून राहिली तर दोघांचेही पाणी होते. ही गोष्ट मला ठाऊक होती. तरीही ती मी केली, म्हणून त्या गोळ्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती.

वाचलेली सव्वीस आमिषे वेगळी काढून मी कार्तिक शुद्ध सप्तमी ते दशमी असा बेत ठरवला. त्यामागे दोन कारणे होती. पहिले म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा सर्वांत कमी जोर, असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईचे पाणी कधी कधी साडेचार मीटरच्या वर चढते आणि तेवढ्याच जोराने उतरताना खाडीचा तळ ढवळून काढते. भांगाला चढउतार त्याच्या निम्म्यावर येतो, ओढ मंदावते आणि पाणी थोडे निवळते. दुसरे कारण घरगुती होते. आई कार्तिकी एकादशी कडक पाळते, त्यामुळे मासा मिळालाच तर तो दशमीच्या रात्रीपर्यंत ताटात पडायला हवा होता.

पहिला दिवस : सप्तमी

माझ्या आत्याचे घर मनोरीला आहे. दादरहून दुपारच्या लोकलने मालाड, तिथून बसने मार्वे आणि पुढे बोटीने पलीकडे, एवढाच हा प्रवास. तरीही मार्व्याच्या धक्क्यावर उभे राहिले की शहर पाठीमागे कुठेतरी राहून गेल्यासारखे वाटते. दोन तुकड्यांचा सात फुटी रॉड मी पीव्हीसीच्या पाइपात घालून नेतो. लोकलच्या डब्यात एका गृहस्थांनी मला नळदुरुस्तीवाला समजून मोरीच्या गळतीचा खर्च विचारला आणि खरा प्रकार सांगितल्यावर ते थोडे नाराज झाले.

समुद्राच्या कडेने राहणारी माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. ढोबळ हिशेब असा, की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीचा तास मिळतो. सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. सकाळी तेच आणि संध्याकाळीही थोड्या फरकाने तेच. मी मार्व्याला पोहोचलो तेव्हा चार वाजले होते आणि पाणी अजून चढत होते. तिवरांची उभी, पेन्सिलीसारखी श्वसनमुळे एकेक करून बुडत होती आणि मुळांमधल्या निवट्या वरच्या चिखलाकडे सरकत होत्या. पाण्याचा रंग उकळून ठेवलेल्या चहाइतका दाट नव्हता. हात बुडवला तर मनगटापर्यंत दिसत होता. आमच्या खाडीच्या मानाने हे स्वच्छच म्हणायचे.

रात्री जेवण झाल्यावर आत्याच्या ओटीवर दिव्याखाली सामान मांडले. आतेभाऊ जिवंत कोळंबीवर मासे धरणारा आहे. त्याला या रबरी प्रकाराचे कुतूहल होते, विश्वास मात्र अजिबात नव्हता. त्याने माझी पाकिटे चाळून पहिला प्रश्न विचारला तो रंगाचा. कुठला रंग चालतो, हा प्रश्न सगळेच विचारतात, दुकानदारही त्याचेच उत्तर आधी देतो, आणि माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारायचा प्रश्न आहे. पाणी किती खोल आहे आणि किती ओढीचे आहे यावरून वजन ठरते. तळाला काय आहे यावरून गळ ठरतो. तिथला मासा काय खातो यावरून आकार ठरतो. आणि एवढे जमल्यावर हाताशी जो रंग असेल त्याने फार बिघडत नाही. गढूळ पाण्यात मासा डोळ्यांइतकाच, किंबहुना अधिकच, अंगावरच्या पार्श्वरेषेने शिकार ओळखतो. शेपटी पाण्यात जी थरथर उठवते ती त्याला आधी पोहोचते. माझ्याजवळ तीनच रंग होते. निवळ पाण्यासाठी मोतिया पांढरा, गढुळासाठी पोपटी आणि पहाट-संध्याकाळच्या अंधुक उजेडात ठळक सावली पडावी म्हणून काळपट तपकिरी.

मग मी त्याला मासा ओवून दाखवला. जिगहेड म्हणजे नेढ्यापाशी शिशाचा गोळा ओतलेला गळ. दहा सेंटिमीटरच्या, चपट्या शेपटीच्या शॅडला, म्हणजे लहान माशाच्या आकाराच्या आमिषाला, ३/० मापाचा गळ बसतो. गळाच्या बाकातली मोकळी जागा माशाच्या जाडीच्या दुपटीइतकी तरी असावी, नाही तर टोक माशाच्या जबड्याऐवजी प्लास्टिकमध्येच रुतून बसते. आधी जिगहेड माशाच्या कडेला धरून बाक नेमका कुठे येतो ते पाहायचे आणि पाठीवरच्या साच्याच्या शिवणीवर नखाने खूण करायची. टोक नाकाच्या बरोबर मध्यात घालायचे. इथे अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी पुढे सगळे वाकडे जाते. मग गळ पुढे ढकलायचा नाही. प्लास्टिकच गळावर थोडे थोडे चढवत न्यायचे, सुईवर दोरा नव्हे तर दोऱ्यावर सुई ओढावी तसे, आणि खुणेपाशी टोक शिवणीतून बाहेर काढायचे. शेवटी नाक शिशाला घट्ट भिडले पाहिजे आणि पाठ सरळ राहिली पाहिजे. पाठीला सुरकुती पडली तर टोक फार मागून निघाले आहे. पोट ताणून वाकले तर फार पुढून. दोन्ही वेळा काढून पुन्हा ओवायचे. मी तिसऱ्या खेपेला समाधानी झालो, शिशाच्या मानेवर सुपरग्लूचा एक थेंब सोडला आणि नाक दाबून धरले.

आतेभावाने तो मासा दिव्यासमोर धरून पाहिला आणि म्हणाला, "एवढ्या वेळात मी चार कोळंब्या लावून दोन मासे काढले असते." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दुसरा दिवस : अष्टमी

शेजारच्या नाखवांनी त्यांची वल्ह्याची लहान होडी काढली. यांत्रिक नौकांवरची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. ती उठून तीन महिने झालेले असल्याने मोठ्या होड्या केव्हाच बाहेर गेल्या होत्या आणि खाडीत फक्त आम्ही होतो. सहाला भरती पूर्ण झाली, सवासहाला आम्ही निघालो. जमिनीकडून गार मतलई वारा सुटला होता. पूर्वेला उजाडता उजाडता उत्तरेकडे गोराईच्या पॅगोड्याचा सोनेरी कळस तेवढा आधी चमकला.

ओहोटी निवडण्याचे कारण सोपे आहे. भरतीला करंदी, कोळंबी आणि बोईटाची पिल्ले तिवरांच्या मुळांत शिरून बसतात. पाणी उतरू लागले की त्यांना बारीक नाळांमधून बाहेर पडावेच लागते आणि त्या नाळांच्या तोंडाशी, सावलीत, जिताडा आणि तांब वाट पाहत उभे असतात. म्हणजे मासा कुठे असेल हे ओहोटीच दाखवते. आपण आमिष तिथे, न अडकवता, जिवंत वाटेल असे नेऊन ठेवायचे असते.

आणि इथेच माझी पहिली चूक झाली. गेल्या वर्षी एका दुकानात मला २१ ग्रॅमचे जिगहेड, लांब फेक होते या कारणासाठी, गळ्यात मारण्यात आले होते आणि लांब फेकीचा मोह मलाही होता. पहिल्याच फेकीला ते दीड मीटर पाण्यात दगडासारखे बुडाले, चिखलात रुतले आणि ओढताच एका मुळात जाऊन बसले. नाखवांनी होडी जवळ नेली, रॉडच्या टोकाने ढोसून पाहिले, पण शेवटी लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांच्यामधला जाड तुकडा, तोडावा लागला. फेक लांब करायची गरजच नव्हती, कारण तिवरे आमच्यापासून बारा-पंधरा हातांवर होती.

म्हणून उघड्या टोकाचे जिगहेड बाजूला ठेवून मी टेक्सास पद्धतीवर आलो. यात ऑफसेट गळ लागतो, ज्याच्या नेढ्याखाली दांडा इंग्रजी झेडसारखा दोनदा मोडलेला असतो. आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे, मधून आरपार भोक असलेले ५ ग्रॅमचे वजन दोरीत ओवायचे, मग गळ बांधायचा. गळाचे टोक माशाच्या नाकात सुमारे अर्धा सेंटिमीटर घालून हनुवटीतून बाहेर काढायचे, मासा दांड्यावरून वर सरकवून नेढ्यापाशी आणायचा, गळ अर्धा फिरवायचा, म्हणजे टोक माशाच्या पोटाकडे वळते. आता मासा सरळ लटकू द्यायचा आणि बाक जिथे येतो तिथूनच टोक पोटातून पाठीत पार करायचे. शेवटी टोक पाठीच्या वरच्या पापुद्र्यात हलकेच लपवायचे, इतके हलके की बोट फिरवले तर टोचू नये आणि दाबले तर लगेच बाहेर यावे. असा मासा मुळांवरून, फांद्यांवरून, कालवांच्या धारेवरून सरकत येतो आणि जबड्याखाली चेपला गेला तरच गळ उघडा पडतो.

फेक जमू लागली. पाचव्या-सहाव्या फेकीला एका नाळेच्या तोंडाशी खाडकन हिसका बसला, रॉड वाकला आणि दुसऱ्या क्षणी ढिला पडला. ओढून पाहिले तर शॅड निम्मा शिल्लक होता. शेपटी सुरीने कापल्यासारखी गेली होती. "तांब," नाखवा एवढेच म्हणाले. तांब मागून येतो, शेपटी पकडतो आणि तसाच मुळांकडे वळतो. दहा सेंटिमीटरच्या आमिषात गळ पुढच्या भागात असेल तर त्याच्या तोंडात फक्त प्लास्टिक जाते. मी साडेसात सेंटिमीटरचा आखूड शॅड लावला. तो कापला गेला नाही, कारण त्याला कुणी तोंडच लावले नाही.

साडेआठच्या सुमारास पाणी हातभर उतरले आणि नाळेतून करंदी उड्या मारत बाहेर येताना दिसू लागली. तेव्हा मी कोळंबीच्या आकाराचे आमिष काढले, डोक्याकडून ओवले, बांधले आणि होडीच्या कडेला पाण्यात ओढून पाहिले. शेपटी छान हलत होती, पाय थरथरत होते, मी खूश होतो. नाखवांनी वल्हे थांबवून विचारले, "ही अशी कुठे चालली?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी पाण्याकडे बोट केले. घाबरलेली कोळंबी पुढे पळत नाही; शेपटी पोटाखाली मारून ती मागे उडते. माझी कोळंबी मात्र मिशा पुढे करून एखाद्या बोईटासारखी पोहत होती. तिथेच बसून मी ती उलटी ओवली, शेपटीकडून गळ घातला आणि डोक्याजवळ टोक लपवले, म्हणजे दोरी ओढली की शेपटी पुढे आणि डोके मागे. वजन ५ ग्रॅमवरून ३.५ ग्रॅमवर आणले. आता ती एकसारखी ओढायची नव्हती. रॉडच्या टोकाने दोन बारीक ठोके, मग दोरी किंचित ढिली सोडून तीन आकडे मोजेपर्यंत थांबायचे, पुन्हा दोन ठोके. ती उडायची, बुडायची, उडायची.

तिसऱ्या थांबण्यात, आमिष बुडत असतानाच, तोंड उघडून पाणी ओढल्याचा "भप्" असा आवाज आला. जिताडा चावत नाही. तो मोठे तोंड एकाएकी उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो, म्हणून दोरी अगदी ताठ असली तर आमिष आत जातच नाही आणि आवाज ऐकताक्षणी हिसका दिला तर ते तोंडातून निसटते. वजन हाताला जाणवेपर्यंत मी थांबलो, मग रॉड उचलला. मासा पाण्याबाहेर सबंध उसळला, डोके झाडले, पुन्हा बुडाला आणि मुळांकडे धावला. वीस पौंडांचा ताण सोसणाऱ्या ब्रेडपुढे, म्हणजे विणलेल्या दोरीपुढे, दीड हात ४० पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर होता, तो इथे उपयोगी पडला. जिताड्याचे ओठ कानशीसारखे खरखरीत असतात आणि कल्ल्यांची कड धारदार असते. बाहेर आल्यावर लीडरचा शेवटचा वीतभर भाग पांढरा, खरवडलेला दिसत होता.

मासा हातभरही नव्हता. सोनेरी-लालसर डोळा, चंदेरी अंग, पाठीवर शेवाळी झाक. जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि बराच वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे हा नक्कीच नर आणि लहान होता. गळाचा उलटा काटा मी आधीच पक्कडीने दाबून ठेवला होता; गळ चटकन निघाला आणि मासा सोडून दिला. आतेभावाला हे फारसे रुचले नाही. दुपारच्या जेवणाला बांगडे विकत आणावे लागले.

तिसरा दिवस : नवमी

सकाळी मनोरीच्या समुद्राकडच्या खडपावर चालत गेलो. भरती पावणेसातला असल्याने ओहोटीबरोबर खाली उतरत जायचे आणि पाणी फिरायच्या आत परत यायचे, असा क्रम ठेवला. खडपावर शेवाळ आणि कालवे दोन्ही असतात, एकावर पाय घसरतो आणि दुसऱ्यावर कापतो.

या दिवसाबद्दल सांगण्यासारखे चांगले थोडे आहे. हेकरू खडकाच्या कपारीत राहतो, म्हणून आमिष तळाशी न्यावे लागते आणि तळाशी नेले की ते अडकते. मी १० ग्रॅमच्या जिगहेडवर तळाला टेकवून, टिपटिप उचलत आणत होतो. पहिल्या तासात चार जिगहेड गेली. त्याहून त्रासदायक ठरला तो केंड. केंडाचे दात जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात. तो गळाकडे जात नाही, शेपटीचे गोल गोल घास काढतो. हाताला फक्त टक्-टक् एवढे जाणवते आणि आमिष वर आले की पावाचा तुकडा उंदराने कुरतडावा तसे दिसते. पीव्हीसीचे पाच मासे असे वाया गेले. मग मी इलॅस्टोमरचा एक लांबट मासा लावला. तो ओवणे कठीण असते, कारण तो टोकावर फाटत नाही, ताणला जातो आणि पुन्हा आखडतो. पण एकदा बसला की केंडाच्या चोचीला दाद देत नाही. शिवाय तो तरंगणारा असल्याने जिगहेड तळाला टेकले की शेपटी वर उभी राहते आणि लाटेबरोबर डुलते. कपारीतून वर पाहणाऱ्या माशाला हे सोयीचे असावे. त्यावरच हाताच्या पंज्याएवढा एक हेकरू लागला, आणि तोच दिवसभरातला एकमेव मासा.

दुसरी फजिती माझ्या घाईची. साडेअकराला पाणी खाली गेले होते, वारा फिरून समुद्राकडून येऊ लागला होता, आणि शेवटच्या तासाचा लोभ सुटत नव्हता. मी उभ्या उभ्या, न मोजता, एक शॅड ओवला. पाठीवर हलकीशी सुरकुती होती ती दिसली, चालेल म्हटले. पंधरा-वीस फेकींनंतर रीलवरून ब्रेड वेटोळे घेत उतरू लागला आणि एका फेकीला पहिल्या कडीपाशीच त्याचा पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता झाला. आमिष पायाजवळच्या डबक्यात ओढून पाहिले तेव्हा कारण दिसले. शॅड पोहत नव्हता, मळसूत्रासारखा गिरक्या घेत होता आणि प्रत्येक गिरकीने दोरीला एक पीळ देत होता. खडकावर बसून गुंता सोडवायला पाऊण तास गेला आणि आठ-दहा वाव दोरी कापून टाकावी लागली. ओवल्यानंतर पहिले हातभर पाण्यात ओढून बघायचे, तो कलंडला किंवा फिरला तर पुन्हा ओवायचा, हे मी इतरांना नेहमी सांगत असतो.

परत येताना आतेभाऊ खडपाच्या डबक्यांमधून वाकून काहीतरी वेचत होता. माझ्या आधीच्या अडकलेल्या जिगहेडपैकी एक आणि तीन तुटक्या शेपट्या त्याने आणल्या होत्या. त्याने त्या काही न बोलता माझ्या पिशवीत टाकल्या. जिवंत कोळंबीवाल्याला या बाबतीत बोलण्याचा अधिकार आहे आणि त्याने तो वापरला नाही, हे मला अधिक लागले. हे प्लास्टिक कुजत नाही. माशाने गिळले तर त्याच्या पोटातच राहते.

चौथा दिवस : दशमी

भांग ओसरू लागला होता. साडेसातच्या भरतीनंतर खाडीच्या तोंडाशी पाण्याला ओढ आली आणि रंग पुन्हा चहाकडे वळला. नाखवांनी होडी मुखाजवळ नांगरली. इथे तिवरे नाहीत, खालची जमीन वाळू-चिखलाची आहे, त्यामुळे टोक लपवायची गरज नाही. सगळा प्रश्न वजनाचा आहे.

सुरुवात १० ग्रॅमने केली. फेकल्यावर मोजत गेलो, अकरापर्यंत मोजले तरी तळ लागेना. ओढ आमिषाला होडीमागे वाहून नेत होती आणि दोरीला पोट येत होते. १४ ग्रॅम लावले. सातला तळ लागला. २१ ग्रॅमचे उरलेले एक जिगहेडही लावून पाहिले. चारलाच तळ लागला, पण मग शॅड उतरताना पोहायच्या ऐवजी नुसता कोसळत होता. तळाला जेमतेम पोहोचवणारे सर्वांत हलके वजन तेच बरोबर, हे तिथे दोरीवर बोट ठेवून स्पष्ट कळत होते, कारण १४ ग्रॅमवर शेपटीची थरथर बोटापर्यंत येत होती आणि २१ वर ती येत नव्हती. शेपटीकडचा भाग बारीक आणि पंखा रुंद असलेला मोतिया पांढरा शॅड मी निवडला होता. असा शॅड मंद ओढीतही शेपटी मारतो. जाड कमरेच्या शॅडला त्यासाठी वेगाने ओढावे लागते.

तळ लागू द्यायचा, चार-पाच फेरे रील फिरवायचे, पुन्हा बुडू द्यायचे, असे चालले होते. साडेनऊच्या सुमारास आमिष बुडत असताना दोरी अचानक आडवी धावली. जिताड्यासारखी उसळी नाही, तांबासारखा मुळांकडे जोर नाही. लांब, सरळ, न थांबणारी धाव. नाखवांनी पाण्यात मासा दिसण्याआधीच सांगितले की रावस आहे. तो दमायला दहा मिनिटे लागली. जाळीने उचलला तेव्हा गळ खालच्या, आत वळलेल्या तोंडाच्या कोपऱ्यात नीट बसला होता. वजन केले नाही; नाखवांनी हाताने तोलून दोन किलोच्या आतबाहेर असे ठरवले. त्यानंतर तासभर काहीही लागले नाही आणि मला दुपारची बोट पकडायची होती.

निघताना नाखवांनी माझ्याकडून एकच वस्तू मागून घेतली, ती उलटी ओवलेली कोळंबी. ती त्यांनी आपल्या हातडोरीच्या गुंडाळीला खोचून ठेवली; वापरणार की नातवाला दाखवणार, ते विचारायचे राहून गेले. मार्व्याच्या बोटीत बसल्यावर मी पिशवीतले तुकडे मोजले. नेलेल्या सव्वीस आमिषांपैकी नऊ शाबूत होती, एक नाखवांकडे होते, आणि उरलेल्यांचे जे तुकडे मिळाले ते जुळवून पाहिल्यावर सात आमिषांचा काहीच पत्ता लागत नव्हता.

घरी पोहोचायला पाच वाजले. आईने विळीवर रावस घेतला, डोके वेगळे केले, पोट फाडले आणि मला हाक मारली. पोटात चार मांदेली होत्या, अजून चंदेरी, न विरघळलेल्या, सगळ्या एकाच मापाच्या. मी पांढरा शॅड आणून त्यांच्या शेजारी ताटलीत ठेवला. त्यांतली सर्वांत मोठी मांदेली शॅडच्या निम्मी भरत होती. मग मी डबा आणून पुन्हा चाळला. त्या मापाचे एकही आमिष माझ्याजवळ नव्हते.